पिलिंगबाईंचं दुसरं काम

मी एक जुनी पायपुसणी आहे. काथ्याची. मित्रांनो, एवढं ऐकूनच तुमच्या चेहऱ्यावर कीव आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मला कुणाची कीव नको. माझ्या अंगावरून तीस वर्षं माणसं गेली, कुत्री गेली, सायकली गेल्या, एकदा तर कपाट सरकवत नेलं. तरी मी वाकलेली नाही. झिजले आहे, ते मान्य. पण झिजणं आणि वाकणं यात फरक असतो, आणि तो फरक मी ज्या बाईकडून शिकले तिचीच ही गोष्ट आहे.

जन्म माझा केरळातल्या अलेप्पीचा. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घातली, मग बायकांनी मोगरीनं बडव बडव बडवली, तेव्हा कुठे काथ्या निघाला. त्या बायका बडवताना गात आणि एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत. जन्मायच्या आधीच इतका मार खाल्ला म्हटल्यावर पुढे कुणाच्या बुटांची भीती राहत नाही. मला विणलं, कापलं, गठ्ठ्यात बांधलं आणि जहाजात टाकलं. थेट इंग्लंडच्या उत्तरेला, रॉसेनडेलच्या खोऱ्यात येऊन पडले. तिथल्या आठवडी बाजारात ग्लेनिस पिलिंग नावाच्या बाईनं मला उचललं, दोन्ही हातांनी वाकवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "ही मोडेल, पण वाकणार नाही. द्या." तेव्हाच आमचं जमलं.

घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांच्या रांगेतलं एक. दार उघडलं की रस्ता, दार लावलं की अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला जिना. जिन्याच्या खालच्या पायरीशेजारी टेलिफोन. त्या घरात जे काही महत्त्वाचं घडलं ते त्या खालच्या पायरीवर बसून घडलं. बूट तिथेच चढवायचे, रडायचं तिथेच, भांडायचं तिथेच, आणि फोनवर बोलायचं तेही तिथेच. मी समोर दाराशी. दाराला मधोमध पितळी झडप होती, टपालवाला त्यातून पत्रं आत टाकायचा आणि ती बरोबर माझ्या पाठीवर पडायची. पांढरी पाकिटं असतील तर ग्लेनिस लगेच उचलायची. तपकिरी असतील, म्हणजे सरकारी, तर न उघडता आतल्या खोलीतल्या घड्याळामागे खोचायची. त्या गल्लीत सगळेच तसं करत. तपकिरी पाकीट घड्याळामागे ठेवलं की आतला मजकूर आपोआप मवाळ होतो, अशी तिथल्या लोकांची काहीतरी समजूत असावी.

ग्लेनिसच्या घरी एक नियम होता. पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही. पाद्री असो, नळवाला असो, जावई असो. हा नियम तिच्या आजीच्या काळापासूनचा. फार वर्षांपूर्वी मंदी आली होती, आजोबा काम करत ती गिरणी बंद पडली होती आणि सरकारकडे मदत मागावी लागली होती. तेव्हा मदत देण्याआधी सरकारी माणूस घरी येऊन बघायचा, यांच्याकडे विकण्याजोगं काय आहे ते. तो आला, चिखलाच्या बुटांनी थेट आत शिरला, खुर्च्या मोजल्या आणि म्हणाला, चार माणसांना सहा खुर्च्या कशाला? दोन विका, मग या. आजीनं खुर्च्या विकल्या. पण त्या चिखलाचे डाग ती मरेपर्यंत सांगत राहिली. तिनं लेकीला सांगितलं, लेकीनं ग्लेनिसला: काही झालं तरी त्यांच्या दारात जायचं नाही, आणि त्यांना आपल्या दारात पाय पुसल्याशिवाय घ्यायचं नाही.

ग्लेनिस सपाता बनवण्याच्या कारखान्यात होती. त्या खोऱ्यात एकेकाळी सगळ्या देशाच्या पायांना सपाता पुरत. ती वरच्या कापडाला तळ शिवायची आणि बोलता बोलता शिवायची. घरी आली की माझ्यावर पाय पुसायची, बूट काढायची आणि स्वतः शिवलेल्या सपाता घालायची. नवरा लवकर गेला. लेक हेदर मोठी झाली, लग्न झालं, तिला एक मुलगी झाली, मार्नी, आणि मग लग्न मोडलं. हे सगळं मी बुटांवरूनच पाहिलं. जावयाचे बूट यायचे बंद झाले त्या दिवशी मला कळलं, आणि सांगते, मला फारसं वाईट वाटलं नाही. तो कधी पाय पुसायचा नाही.

मग एका हिवाळ्यात कारखाना बंद झाला. बाहेरच्या देशांतून स्वस्त सपाता येऊ लागल्या होत्या. ग्लेनिस घरी आली, पाय पुसले आणि बराच वेळ खालच्या पायरीवर बसून राहिली. पन्नाशी उलटलेली बाई, हातात कला, आणि त्या कलेला आता खोऱ्यात गिऱ्हाईक नाही.

शेजारीण मॉरीन दुसऱ्याच दिवशी आली. मॉरीन म्हणजे चहाचा कप घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहणारी बाई. ती म्हणाली, रोजगार कचेरीत नाव नोंदव, काम मिळेपर्यंत भत्ता मिळेल. ग्लेनिस म्हणाली, मी हात पसरत नाही. मॉरीननं समजावलं की हा हात पसरणं नव्हे, इतकी वर्षं पगारातून राष्ट्रीय विमा कापला गेला तो कशासाठी? तिथली जुनी माणसं त्या विम्याला नुसतं स्टँप म्हणतात. पगारातून स्टँप भरायचा, म्हातारपणी त्यावर सरकारी पेन्शन. ग्लेनिस म्हणाली, "भरलाय ना मी? मग झालं. त्यांनी माझ्या खुर्च्या मोजायला यायचं नाही."

"अगं बाई, आता खुर्च्या कोण मोजतंय? संगणकावर असतं सगळं," मॉरीन म्हणाली.

"मग संगणकाला सांग पाय पुसून यायला."

मला तेव्हा भारी वाटलं होतं. आज कळतं की त्या वेळी आम्ही दोघीही जरा मूर्ख होतो. कारण नाव नोंदवलं असतं, तर काम नसलेल्या काळातही स्टँप भरल्याची नोंद झाली असती. नाव नोंदवलं नाही, म्हणजे सरकारच्या लेखी ग्लेनिस पिलिंग या बाईनं त्या वर्षांत नुसती हवा खाल्ली. आजीचा चिखल नातीच्या पेन्शनवर जाऊन पडला. हे मॉरीनला ठाऊक नव्हतं, ग्लेनिसला ठाऊक नव्हतं, आणि जी पाकिटं ते सांगत होती ती घड्याळामागे होती.

पण हवा खाल्ली म्हणाल तर माझा आक्षेप आहे. मी साक्षीला आहे. हेदरला गोदामात काम मिळालं होतं. तिची पाळी पहाटे सुरू व्हायची. त्याआधी ती मार्नीला आईकडे सोडायची. पाच वर्षांची मार्नी, पायात लाल गमबूट. पोरीला सांगितलं होतं पाय पुसायचे, तर ती पुसायची नाही, माझ्यावर तीनदा उड्या मारायची. धप, धप, धप. मग ओरडायची, "नॅन, चिखल बाहेर राहिला!" आणि तिची नॅन, म्हणजे आजी, स्वयंपाकघरातून म्हणायची, "मग तू आत ये." शाळेची वेळ होईपर्यंत वेण्या, लापशी, हरवलेला मोजा. दुपारी परत लाल बूट. पोरीला कांजिण्या आल्या तेव्हा बूट दोन आठवडे माझ्याजवळ उभेच होते आणि वरून ग्लेनिसचा गोष्टी सांगण्याचा आवाज यायचा. हेदर संध्याकाळी तिला न्यायला यायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असत, माझ्यावर ठेवताना ती दार धरायची.

आणि मॉरीननं विचारलं की ग्लेनिस काय म्हणायची? "काही करत नाही गं. पोर बघते, बस."

त्याच काळात माझेही वाईट दिवस आले. हेदरनं नाताळला आईसाठी नवी रबरी पायपुसणी आणली, वर मांजराचं चित्र. मला मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्याखाली घातलं. नाताळच्या सुट्टीभर मी भिजले. मी रडले नाही, मला कुजायची सवय आहे, जन्मच त्यात झाला. पण मार्नीनं त्या रबरी मांजरावर पहिली उडी मारली आणि मांजर तिला घेऊन फरशीवरून घसरलं ते थेट जिन्यापर्यंत. कपाळाला टेंगूळ. ग्लेनिसनं त्याच संध्याकाळी मांजर मागे टाकलं, मला झटकलं आणि पुन्हा दाराशी आणलं. मला म्हणाली, "चल, कामाला लाग." आम्हा दोघींना त्या शब्दाची गरज होती.

अडीच वर्षांनी तिलाही काम लागलं. मार्नीच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात, मुलांना दुपारचं जेवण वाढण्याचं. ग्लेनिस इतकी खूश होती की पाय पुसायला विसरली आणि परत जाऊन पुसून आली. नव्या कामावर रुजू होताना एक कागद भरायचा असतो, त्यात तीन पर्याय असतात आणि एकावर खूण करायची असते. खालच्या पायरीवर बसून तिनं तो भरला, मॉरीन कप घेऊन दारात होतीच. पहिल्या पर्यायाचा सरळ अर्थ होता, आतापर्यंत मी कामावर नव्हते. तिसऱ्याचा अर्थ होता, मला दुसरंही काम आहे.

मॉरीन म्हणाली, पहिल्यावर खूण कर. ग्लेनिस म्हणाली, शाळेच्या कचेरीत बेरिल नटॉलची चोंबडी पोरगी बसते, संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला कळेल की ग्लेनिस पिलिंग बेकार होती.

"अगं, खोऱ्याला ते ठाऊक आहे," मॉरीन म्हणाली.

"ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या सहीनं असणं वेगळं," असं म्हणून तिनं तिसऱ्या पर्यायावर खूण केली.

झालं. करखात्यानं ते खरं मानलं. दुसरं काम आहे म्हणजे करातली सूट तिकडे घेत असेल, मग इकडे पहिल्या पैशापासून कर कापा. एवढासा पगार, त्यावर मुळात कर बसायलाच नको होता, त्याचा पाचवा हिस्सा गेला. पहिल्या महिन्यात तिला वाटलं चूक झाली असेल. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात माझ्या पाठीवर दोन तपकिरी पाकिटं पडली आणि ग्लेनिस घड्याळाकडे निघाली, पण अर्ध्यावरून परत आली. पायरीवर बसून तिनं ती फोडली. एकात कराचं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तुमच्या विम्याच्या नोंदीत पुरी दोन वर्षं कोरी आहेत. ती भरायची असतील तर स्वतःच्या खिशातून भरा, नाहीतर पेन्शन जन्मभर तेवढी कमी. भरायची रक्कम वाचून तिनं कागद गुडघ्यावर उलटा ठेवला. इतके पैसे तिच्याकडे नव्हते, आणि कधी होतील अशी चिन्हंही नव्हती.

त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली. माणसं एकटी असली की वस्तूंशी बोलतात, आणि आम्ही ऐकतो. म्हणाली, "आजी खुर्च्या विकून तरी जगली. मी ताठ राहून भिकारी होणार." मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, मी पाहिलंय सगळं, मला विचारा की कुणीतरी. पण पायपुसणीला कोण विचारतो?

शनिवारी तिनं करखात्याला फोन लावला. लाउडस्पीकर सुरू करून पायरीवर ठेवला, कारण पलीकडून नुसतं संगीत वाजत होतं. तिनं सपाता घातल्या होत्या, आपल्या हातच्या. चहा झाला, टोस्ट झाला, अख्ख्या बोळाची फरशी पुसून झाली. मग एक माणूस बोलला. सभ्य होता. त्यानं कागद पाहिला आणि विचारलं, हे दुसरं काम कुठे करता?

ग्लेनिसच्या सपातेचं टोक फरशीवर आपटत राहिलं.

"नाही," शेवटी ती म्हणाली. "दुसरं काम नाही. कधीच नव्हतं. मी बेकार होते. घ्या लिहून."

तो एक शब्दही टोचून बोलला नाही. म्हणाला, असं पुष्कळ जण लिहितात, दुरुस्त करतो, कापलेला कर पुढच्या पगारात परत येईल. इतकं सोपं होतं ते. इतके महिने जे तिनं छातीवर दगडासारखं बाळगलं, ते दोन मिनिटांत निघालं. मग त्यानं तिला विम्याच्या बाईकडे जोडून दिलं. परत संगीत.

विम्याची बाई न्यूकॅसलकडच्या बोलीत बोलत होती, शब्द ओढत. तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. त्या दोन वर्षांत भत्ता घेतलात? नाही. आजारी होतात? नाही. परदेशी होतात? ग्लेनिस म्हणाली, मी इथल्या समुद्रकाठच्या ब्लॅकपूलच्या पलीकडे गेलेली नाही. बाई हसली आणि म्हणाली, "मग त्या दोन वर्षांत तुम्ही करत काय होतात, पिलिंगबाई?"

तिनं वाईट अर्थानं विचारलं नव्हतं. पण ग्लेनिस पायरीवरून उठली आणि येऊन माझ्यावर उभी राहिली. 

"काय करत होते? पहाटे उठत होते. नातीच्या वेण्या घालत होते, तिला लापशी भरवत होते, शाळेत सोडत होते, आणत होते, कांजिण्यांत रात्रभर तिचे हात धरून बसत होते, खाजवू नये म्हणून. तिची आई गोदामात उभी होती ना, दुसरं कोण होतं? तुमच्या लेखी हे काहीच नाही, ठाऊक आहे मला. नका देऊ पैसे. पण ती वर्षं कोरी आहेत असं मला परत लिहून पाठवायचं नाही. ग्लेनिस पिलिंग एक दिवस रिकामी बसलेली नाही, हे तिथे लिहा आणि मग फोन ठेवा."

पलीकडे संगणकावर टकटक चालली होती, ती थांबली.

"नात कुणाची, लेकीची?" बाईनं विचारलं. "लेकीच्या पगारातून विमा कापला जायचा? आणि मुलीचा सरकारी भत्ता लेकीच्याच नावावर?"

"हो. का?"

"मग ती वर्षं कोरी नाहीत, पिलिंगबाई. ती तुमची आहेत."

मग तिनं सावकाश सांगितलं. लहान मूल वाढवणाऱ्या माणसाला सरकार स्टँप भरल्याचं श्रेय देतं. हेदरचा स्टँप तिच्या पगारातूनच भरला होता, म्हणून तिच्या वाट्याचं ते श्रेय नुसतं पडून होतं. आई कामावर असताना आजीनं मूल सांभाळलं असेल, तर ते आजीच्या नावावर करता येतं. अर्ज करायचा, त्यावर दोघींच्या सह्या.

"मला दान नको," ग्लेनिस सवयीनं म्हणाली, पण आवाज उतरला होता.

"माझी आईही हेच म्हणाली," ती बाई म्हणाली. "तिला पटवायला मला तीन रविवार लागले. तुम्ही जरा लवकर पटा."

सगळ्यात अवघड पुढेच होतं. लेकीकडे सही मागायची. ज्या बाईनं आयुष्यात कुणाकडे कपभर साखर मागितली नाही, तिनं. अर्ज टपालानं आला त्या संध्याकाळी हेदर आली, तिला ग्लेनिसनं माझ्यावरच उभं केलं, बूटही काढू दिले नाहीत, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हेदरनं अर्ज हातात घेतला. मग म्हणाली, "आई, मी कामावर सगळ्यांना सांगायचे, आई घरीच असते, तिला काय काम. पोर बघते तेवढंच तिला बरं वाटतं." असं म्हणून ती रडायला लागली. ग्लेनिस म्हणाली, बरं वाटायचंच मला, पण काम ते कामच. हेदरनं जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून सही केली. तिच्या बुटांचा सगळा चिखल माझ्यावर राहिला आणि मी तो आनंदानं ठेवून घेतला.

कापलेला कर पुढच्या पगारात आला. विम्याचं उत्तर यायला मात्र महिने लागले. मधल्या काळात मार्नीला लाल बूट लहान झाले. मग एका सकाळी झडप वाजली आणि माझ्या पाठीवर तपकिरी पाकीट पडलं. ग्लेनिसनं ते उचललं, घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि माझ्यावर उभी राहूनच फोडलं. दार उघडंच होतं. मॉरीन कप घेऊन आलीच.

"काय म्हणतात?" मॉरीननं विचारलं.

ग्लेनिसनं कागदाची नीट घडी घातली. "म्हणतात की मला दुसरं काम होतं."

मित्रांनो, मी आता कडेनं उसवले आहे, मधे टक्कल पडलंय, आणि हेदर परवा पुन्हा नव्या पायपुसणीचं म्हणत होती. म्हणू दे. मला एकच सांगायचंय. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, विचारलं की म्हणत असेल, मी काही करत नाही, घरीच असते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. पहाटे कोण उठतं ते बघा, हरवलेला मोजा कोण शोधतं ते बघा, आणि कुठे नोंद करायची असेल तर वेळेवर करा, आजीच्या रागापायी वर्षं घालवू नका. पाकिटं घड्याळामागे ठेवू नका. आणि त्या बाईच्या घरी कधी गेलात, कितीही मोठे साहेब असलात, तरी आत जाण्याआधी पाय पुसा.